दुसऱ्यांच्या फेव्हरिट्समधून फिरताना

डेव्हिअंटआर्ट नावाच्या चित्रं टाकायच्या साइटवर अकाउंट काढलं तेव्हा डोक्यात एकच होतं, आपली चित्रं टाकायची आणि चार लोकांनी ती नीट बघायची, बास. घरचे 'छान आलंय हं' म्हणून पान उलटतात, त्यापेक्षा जरा जास्त वेळ कुणीतरी थांबावं एवढीच अपेक्षा. पण झालं भलतंच. चित्रं टाकणं राहिलं बाजूला आणि मी लोकांची चित्रं हुडकण्यात अशी काही अडकले की आता कुणी विचारलं 'या साइट्सचा उपयोग काय गं नक्की' तर मी आधी तेच सांगते, स्वतःचं काम दाखवायला जाच, पण खरा खजिना दुसऱ्यांच्या फेव्हरिट्समध्ये असतो, म्हणजे त्यांनी आवडली म्हणून खूण करून ठेवलेल्या चित्रांमध्ये. ते कसं ते पुढे येईलच, आधी सुरुवातीपासून सांगते.

पहिला गोंधळ कुठे जायचं याचा. डेव्हिअंटआर्ट २००० सालच्या ऑगस्टमधली, म्हणजे फेसबुकच्याही आधीची साइट, आणि तिथे काहीही चालतं, जलरंग, फॅन आर्ट, फोटो, पिक्सेल आर्ट, कागदी कलाकुसर, अगदी कवितासुद्धा. आर्टस्टेशन २०१४ ला आलं, तिथे गेम आणि सिनेमावाल्या लोकांचं राज्य, पान उघडलं की पहिल्याच रांगेत असले ड्रॅगन आणि असली शहरं की आपली स्केचबुक परत दप्तरात ठेवावीशी वाटते. बिहान्स २००५ ची, नंतर २०१२ च्या शेवटी अडोबीने घेतली, तिथे डिझाइनवाले जास्त आणि एक सुटं चित्र टाकण्यापेक्षा अख्खा प्रोजेक्ट मांडायची पद्धत, स्केचपासून फायनलपर्यंत लांबच लांब पान. पिक्सिव जपानी, २००७ ची, तिथे ॲनिमे-मांगाच्या, म्हणजे जपानी कार्टून आणि कॉमिक्सच्या, शैलीचा पूर आहे पण निसर्गचित्रं पण अशी सापडतात की बघत राहावं. आणि इन्स्टाग्राम आहेच, पण त्याला मी कलेची कम्युनिटी म्हणणार नाही, तिथे तुमचं चित्र नाचाच्या रील आणि मांजराच्या व्हिडिओच्या मधे अर्धा सेकंद दिसतं आणि वर सरकतं. मी डेव्हिअंटआर्टवर बसले कारण तिथे नवख्याला कुणी हसत नाही. बाकीकडे अकाउंटं काढली ती बघण्यापुरती.

युजरनेमचं एकच सांगते, पुढे कधी कामासाठी लिंक पाठवावी लागली तर लाज वाटणार नाही असं घ्या. पुढचं.

कागदावरचं चित्र स्क्रीनवर आणणं हे एक स्वतंत्र काम आहे हे मला आधी माहीतच नव्हतं. कोरा कागद जास्त असलेल्या चित्राचा फोटो काढला की कागद हमखास राखाडी-निळा येतो, कारण कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर समोरचं सगळं मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतं आणि पांढऱ्यालाही खाली ओढतं. फोनवर चित्रावर बोट ठेवून एक्स्पोजर जरा वर सरकवलं की निम्मं काम होतं. खिडकीपाशी, पण थेट ऊन नको, चित्र भिंतीला उभं लावायचं आणि फोन त्याला बरोब्बर समांतर धरायचा, नाहीतर चौकट एका बाजूने निमुळती होते आणि मग क्रॉप करताना कडेचं चित्र जातं. ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड एकत्र नको, अर्धं चित्र पिवळं अर्धं निळं होतं. स्कॅनर पेन्सिल आणि शाईला उत्तम, पण जलरंगाचे अगदी फिके वॉश, म्हणजे पाणीदार पातळ थर, तो खाऊन टाकतो आणि कागदाचा खरखरीतपणा नको इतका उठवतो.

डिजिटल करत असाल तर एक्स्पोर्ट करताना कलर प्रोफाइल एसआरजीबी ठेवा, ते स्क्रीनसाठी असतं. सीएमवायके छपाईसाठी असतं, ती फाइल तशीच टाकली की कधी कधी रंग असे काही दिसतात की आपण हे काढलंच नव्हतं असं वाटतं. लांब बाजू दोन हजार पिक्सेलच्या आसपास पुरते, बघणाऱ्याला व्यवस्थित दिसतं आणि कुणाला चोरून पोस्टर छापायचं असेल तर त्याला पुरेशी पडत नाही. आणि हो, फोनच्या फोटोत जागेची माहिती चिकटून जाते, लोकेशन बंद करून फोटो काढा, कारण चित्र जगाला दाखवायचंय, घराचा पत्ता नाही.

मग थंबनेल. लोक तुमचं चित्र आधी टपाल तिकिटाएवढं बघतात, आवडलं तरच उघडतात. फिकी पेन्सिलीची रेखाटनं त्या आकारात चक्क कोरी दिसतात. हे कळल्यावर मी चित्र काढतानाच मधे मधे फोनवर फोटो काढून बारीक करून बघायला लागले, आणि खरं सांगायचं तर ही सवय साइटसाठी लागली पण फायदा चित्राचाच झाला.

टॅगबद्दल लोक फार माथेफोड करतात. माझं साधं आहे, आपल्यासारखं काम करणारा आणि बऱ्यापैकी बघितला जाणारा माणूस शोधायचा, त्याने कुठले टॅग लावलेत ते बघायचं आणि त्यातले आपल्याला खरंच लागू होतील तेवढेच उचलायचे. पिक्सिववर जपानी टॅग लावला की बघणारे वेगळेच येतात, जलरंगाला तिथे 'सुइसाई' म्हणतात, तो तिथल्याच एखाद्या चित्रावरून जसाच्या तसा कॉपी करून टाकायचा. नाव मात्र द्या हो चित्राला. 'अनटायटल्ड ७' वर कुणाला काय कमेंट सुचणार.

एवढं सगळं करून चित्र टाकलं आणि पुढे काय, तर शुकशुकाट. कुणी नाही. दोन फेव्हरिट आले ते पण अशा अकाउंटवरून की जे दिसेल ते फेव्हरिट करत सुटतात म्हणजे आपण त्यांच्याकडे जावं. डेव्हिअंटआर्टवर लामा बॅज नावाचा एक प्रकार आहे, एकमेकांना लामा द्यायचे, मी दिला तू दे, त्याचा चित्राशी काडीचा संबंध नाही, पण सुरुवातीला तोच आपल्याशी कुणीतरी बोलतंय असं वाटायला लावतो. ग्रुपमध्ये चित्र टाकायला लागले तेव्हा जरा बघणारे वाढले. पण खरा फरक पडला तो मी कमेंटी लिहायला लागले तेव्हा, आणि इथे 'वाव' आणि 'अमेझिंग' धरत नाही मी. कुणाच्या चित्रात पाण्यातलं प्रतिबिंब मूळ झाडापेक्षा जरा गडद आणि उभ्या फटकाऱ्यात काढलेलं दिसलं तर तेच लिहायचं, की हे बघितलं, हे आवडलं, हा ब्रश कुठला होता. लोक इतके खूश होतात की विचारू नका, आख्खी पद्धत लिहून पाठवतात, कधी कधी सोबत मधल्या टप्प्याचे फोटो. फुकटचा क्लास. आणि मग ते तुमच्या गॅलरीत येतात, ते आपणहून, देवाणघेवाण म्हणून नाही.

अशाच एका माणसाकडून मला आजवरची सगळ्यात कामाची कमेंट मिळाली. मी एका म्हातारीचं चित्र टाकलं होतं, खिडकीकडे पाठ करून बसलेली, चेहरा सावलीत, मागे विटकरी भिंत. त्याने लिहिलं, रंग काढून टाक आणि बघ. एवढंच. फोनवर सॅच्युरेशन शून्यावर नेलं तर म्हातारीचा गाल आणि भिंत एकच! रंग दोन वेगळे, एक तपकिरी एक विटकरी, पण गडदपणा तंतोतंत सारखा, त्यामुळे कानापासून हनुवटीपर्यंतची कड भिंतीत विरघळून गेलेली. मी विचारलं मग आता काय करू, तर म्हणाला भिंत अजून गडद कर, चेहऱ्याला हात लावू नकोस, आणि खांद्याची कड मऊ कर म्हणजे डोळा चेहऱ्यावरच जाईल. भिंतीवर अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी मिसळून एक पातळ वॉश चढवला, पूर्ण वाळू दिला, परत एक, आणि खांद्यापाशी ओल्या ब्रशने कड पुसून घेतली. आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी टाकलं. त्या पोस्टवर जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या कुठल्याच 'तयार' चित्रावर झाली नाही, कारण लोकांना पूर्ण झालेल्या चित्रावर काय बोलावं कळत नाही पण अडकलेल्या चित्रावर प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असतं. तेव्हापासून मी अडकलेली चित्रं मुद्दाम टाकते आणि नेमकं विचारते, हात बरोबर वाटतोय का, उजेड कुठून येतोय ते कळतंय का. 'कसं वाटलं' असं विचारलं की उत्तर 'छान' येतं, हे काय सांगायला पाहिजे.

आता शोधण्याचं, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

होमपेजवर जे दिसतं ते आधीच लोकप्रिय असलेलं असतं. डेव्हिअंटआर्टवर डेली डेव्हिएशन म्हणून रोज निवडलेली चित्रं असतात, ती माणसं निवडतात म्हणून तिथे बरं सापडतं, बाकी फीड तुम्हाला काल जे बघितलं तेच आज परत दाखवतो, एकदा मांजराच्या चित्रावर थांबलात की आठवडाभर मांजरं. मी काय करते, एखादं चित्र मनापासून आवडलं की त्या चित्रकाराची गॅलरी तर बघतेच, पण त्याहून आधी त्याने स्वतः काय फेव्हरिट केलंय ते उघडते. चांगल्या चित्रकाराची नजर त्याच्या हातापेक्षा पुढे असते, त्यामुळे त्याच्या फेव्हरिट्समध्ये त्याच्याहून भारी लोक सापडतात, आणि बऱ्याचदा असे की ज्यांना कुणी ओळखत नाही. मग त्यातल्या एकाच्या फेव्हरिट्समध्ये शिरायचं. तिसऱ्या पायरीला आपण अशा ठिकाणी असतो की सर्चमध्ये टाकायला शब्दच सुचला नसता. आर्टस्टेशनवर प्रोफाइलमध्ये लाइक्सचा वेगळा टॅब दिसतो, पिक्सिववर बुकमार्क असतात, माणसाने खाजगी ठेवले नसतील तर तेही चाळता येतात.

असं फिरता फिरता मला एकजण सापडला जो फक्त रात्रीच्या खिडक्या काढतो. बाहेरून. आख्ख्या गॅलरीत माणूस एक नाही, नुसत्या खिडक्या, कुठे पडदा अर्धा, कुठे टीव्हीचा निळा उजेड छताला लागलेला, कुठे दोन मजल्यांवर दिवा आणि मधला मजला काळाकुट्ट. फॉलोअर्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी त्याची गॅलरी मागून पुढे बघितली, म्हणजे सगळ्यात जुन्या चित्रापासून, ही पण माझी सवय आहे, माणूस कुठून कुठे आला ते त्यात दिसतं. सुरुवातीच्या खिडक्या पिवळ्याधमक, शुद्ध पिवळा रंग फासलेला. पुढे पुढे पिवळा कमी होत गेला आणि आजूबाजूचा अंधार रंगीत होत गेला, जांभळा, शेवाळी, आणि खिडकी मात्र जवळजवळ कोऱ्या कागदाची. उजेड दाखवायचा असेल तर अंधार रंगवावा लागतो, हे मी कुठल्यातरी पुस्तकात वाचलं असणार, पण डोक्यात शिरलं ते तिथे.

उलटं पण करावं लागतं. व्हॉट्सॲपवर किंवा पिंटरेस्टवर एखादं चित्र येतं, खाली नाव नाही, सही कापलेली. मग रिव्हर्स इमेज सर्च, म्हणजे शब्दांऐवजी चित्रच देऊन शोधायचं. गुगल लेन्स आहे, टिनआय २००८ पासून आहे आणि त्यात सगळ्यात जुनं कुठे दिसलं ते लावून बघता येतं, आणि ॲनिमे-मांगा छापाचं असेल तर सॉसनाओ नावाची शोधसाइट पिक्सिवपर्यंत नेऊन सोडते. मूळ माणूस सापडला की जो आनंद होतो तो वेगळाच, आणि बहुतेक वेळा तिथे त्या एकाच चित्राच्या मागे अजून ढीगभर काम पडलेलं असतं जे कुणी फॉरवर्ड केलेलं नाही.

चॅलेंजेस पण करून बघितले. इंकटोबर, जे जेक पार्कर नावाच्या चित्रकाराने २००९ ला सुरू केलं, ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र. दमायला होतं पण त्या महिन्यात त्या टॅगवर फिरण्यासारखी मजा नाही, त्या दिवशी दिलेल्या एकाच शब्दावर जगभरची माणसं काय काय काढतात ते बघायचं.

आता कटकटी. माझं एक चित्र एका ऑनलाइन दुकानात टीशर्टवर छापून विकायला ठेवलेलं सापडलं, तेही मला दुसऱ्या एका मेंबरने कळवलं म्हणून. त्या दुकानाच्या साइटवर कॉपीराइटचा फॉर्म असतो, त्यात मूळ चित्राची लिंक, चोरलेल्याची लिंक, हे माझंच आहे असं निवेदन आणि सही म्हणून नाव, एवढं भरलं. पुरावा म्हणून अर्धवट अवस्थेतले फोटो होते त्यांचा उपयोग झाला, डिजिटलवाल्यांनी लेयरसकट फाइल जपून ठेवावी ती याचसाठी. चित्र तिथून हटवलं गेलं. वॉटरमार्क चित्राच्या मधोमध आडवा टाकणं मला पटत नाही, चोर तो पुसतोच आणि बघणाऱ्याच्या मात्र डोळ्यात जातो. कोपऱ्यात न ठेवता चित्रातल्या एखाद्या वस्तूवर सही गुंतवून टाकते, क्रॉप करून सहज जात नाही.

दुसरी कटकट कमिशनच्या, म्हणजे पैसे देऊन चित्र काढून घ्यायच्या, नावाने येणाऱ्या मेसेजेसची. 'तुमचं काम फार आवडलं, पत्नीच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय', मग चित्राबद्दल एक प्रश्न नाही, साइझ नाही, थेट पैसे कसे देऊ. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतात, वरचे पैसे अमक्याला पाठवा म्हणतात, आणि नंतर चेक बाऊन्स. किंवा तुमची चित्रं एनएफटी, म्हणजे क्रिप्टोवाल्यांची डिजिटल मालकी, म्हणून घेतो पण आधी तुम्ही फी भरा. खरा गिऱ्हाईक रेफरन्स फोटो पाठवतो आणि किमतीवर घासाघीस करतो, ही सोपी खूण.

आणि एआय. डेव्हिअंटआर्टने नोव्हेंबर २०२२ मध्ये ड्रीमअप नावाचं स्वतःचं चित्रं बनवणारं एआय काढलं आणि सुरुवातीला नियम असा की तुमची चित्रं एआयच्या ट्रेनिंगला द्यायची नसतील तर तुम्ही जाऊन नाही म्हणा. लोक असे काही भडकले की लगेच ते उलटं करावं लागलं, सगळी चित्रं आपोआप 'नाही' मध्ये. डिसेंबरमध्ये आर्टस्टेशनचं पहिलं पान एआय-विरोधी फलकांनी भरून गेलं होतं, प्रत्येक चौकोनात तेच. पुढे शिकागो विद्यापीठातल्या लोकांनी २०२३ ला ग्लेझ आणि २०२४ ला नाइटशेड काढलं, दोन्ही चित्रात माणसाला फारसे न जाणवणारे बदल करतात, ग्लेझमुळे एआयला शैली नीट उचलता येत नाही आणि नाइटशेडमुळे त्या चित्रांवर शिकणारं एआयच बिघडतं. मी ग्लेझ लावून बघितलं, डिजिटलमध्ये खपून जातं पण जलरंगाच्या सपाट वॉशवर बारीक डाग दिसतात, त्यामुळे मोजक्याच चित्रांना लावते. २०२४ च्या जूनमध्ये कारा नावाच्या एआय-बंदी असलेल्या ॲपवर एकदम लाखो लोक गेले, मीही गेले, तिथली माणसं छान आहेत पण मागे जाऊन चाळण्यासारखं वर्षानुवर्षांचं काम तिथे अजून साठलेलं नाही.

चोरीइतकाच राग मला याचा येतो की शोधणं अवघड झालं. टॅग उघडला की तीच ती गुळगुळीत चित्रं. एआय लपवायचं सेटिंग बऱ्याच ठिकाणी आहे पण ते ज्याने प्रामाणिकपणे लेबल लावलंय त्यालाच लपवणार ना. म्हणून फेव्हरिट्समधून जायची वाट आता जास्तच उपयोगी पडते, माणसाने निवडलेलं माणसाचं काम. शंका आली की गॅलरीत मागे जाऊन बघते, जुनी वाईट चित्रं आहेत का, स्केच आहेत का, एकच माणूस हळूहळू सुधारत आलाय का. एका दिवसात चाळीस चित्रं आणि चाळीसही एकसारखी चकचकीत असली तर पुढे.

एक शेवटचं, फेव्हरिट केलं म्हणजे आपल्याकडे राहिलं असं धरून चालू नका. माणसं अकाउंट बंद करतात, साइटचं रूप बदललं म्हणून रागावून निघून जातात, २०२० ला डेव्हिअंटआर्टने जुनं डिझाइन पूर्ण काढलं तेव्हा माझ्या यादीतले कितीतरी जण गेले, आणि चित्रकाराने चित्र काढून टाकलं की आपल्या यादीतूनही ते जातं, कुठलं होतं ते आठवतसुद्धा नाही. मी आता आवडलेल्या लोकांची साधी फाइल ठेवते, नाव, दोन-तीन ठिकाणच्या लिंका आणि काय आवडलं ते एका ओळीत. चित्र स्वतःपुरतं सेव्ह केलं तर फाइलच्या नावात सगळ्यात आधी चित्रकाराचं नाव. खिडक्यावाल्याचं अकाउंट गेल्या वर्षी असंच बंद झालेलं दिसलं, पण फाइलमध्ये त्याची पिक्सिवची लिंक होती, तिथे तो चालू आहे, सध्या जिने काढतोय.